घरामागे एक

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात माणसं सकाळी लवकरच जेवून घेतात. दुपारनंतर कोण कशा हालतीत घरी येईल याचा नेम नसतो. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्याच्या शेंड्याला झेंडा. अलीकडच्या काठावर पांढुर्णा, पलीकडच्या काठावर सावरगाव, आणि दोन्हीकडून दगड. याला गोटमार म्हणतात. पांढुर्णेवाल्यांनी दगडांच्या माऱ्यातून जाऊन झाड तोडून आणायचं, सावरगाववाल्यांनी ते तोडू द्यायचं नाही. सूर्य मावळेपर्यंत डोकी फुटतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच माणसं पट्ट्या बांधून एकमेकांकडे चहा प्यायला जातात, कारण अर्ध्या गावाची सोयरीक पलीकडेच झालेली. बाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. पटवायला इथं बसलंय कोण!

शहाऐंशी सालच्या त्या सकाळी गुणवंताला मात्र घास गिळवत नव्हता. देवकाबाईनं, त्याच्या मायनं, कालची पुरणपोळी तव्यावर गरम करून वाढली, वर तुपाची धार सोडली. पोट्टा आपला तुकडा मोडायचा आणि ताटातच ठेवायचा. विशी ओलांडलेला, सडपातळ, आयटीआय झालेला. रेल्वेत इंजिनावर असिस्टंट म्हणून त्याची निवड झाली होती. लेखी झाली, मुलाखत झाली, आता चार दिवसांनी नागपूरला डोळे तपासायचे तेवढे राहिले होते. इंजिनावरच्या माणसाला चष्मा चालत नाही, डोळ्यात बारीकसं फूल चालत नाही. लांबचा सिग्नल लाल की हिरवा, हे झटकन सांगता आलं पाहिजे. डोळ्याला काही झालं की नोकरी गेली, आणि नोकरी गेली की बापाच्या मागं टोपली घेऊन संत्र्याच्या वाफ्यात बसायचं, जन्मभर.

त्याचा बाप कवडू मूळचा महाराष्ट्रातल्या वरूडकडचा, संत्र्याच्या कलमा बांधणारा. जंबेरीच्या, म्हणजे रानलिंबाच्या, रोपाला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात संत्र्याचा डोळा बसवायचा, वरून पट्टी आवळायची. त्यानं बांधलेल्या कलमा सहसा मरत नसत, म्हणून पांढुर्ण्याच्या एका बागवाल्यानं त्याला बायकोपोरासकट इकडे आणलं. गुणवंता तेव्हा कडेवर होता. तेव्हापासून ही माणसं याच आळीत राहत होती, आणि तेव्हापासून आळी त्यांना वरूडवालेच म्हणत होती.

आता गंमत बघा. पांढुर्णा पडला मध्य प्रदेशात, तिथं हा वरूडवाल्याचा पोट्टा. छिंदवाड्याला आयटीआयच्या होस्टेलात गेला तर तिथली पोरं याची हिंदी ऐकून हसायची आणि 'ए मराठी' म्हणून हाक मारायची. सुट्टीत वरूडला मामाकडे गेला तर मामेभाऊ म्हणायचे, आला एमपीवाला, बोलून कसा राहिला पाहा! जिथं जाईल तिथं हा दुसरीकडचाच. लहानपणी त्याला याचं रडू यायचं. मोठेपणी राग यायला लागला, पण तो काढायचा कोणावर?

आणि या रागाचा जो काही गड्डा त्याच्या पोटात होता, तो दरवर्षी गोटमारीच्या सकाळी वर यायचा. त्या आळीची एक रीत होती. आळीतले सगळ्यात जुने पहिलवान नत्थूजी हातात थाळी घेऊन, ढोलासोबत दारोदार फिरायचे. गोटमारीतच एक गुडघा गेलेला, त्यामुळे लंगडत. थाळीत कुंकू आणि नदीतून आणलेले गोटे. घरामागे एक माणूस. त्याच्या कपाळाला टिळा लावायचा, हातात गोटा द्यायचा, घरच्या बाईनं ओवाळायचं आणि निघायचं. देवकाबाई दरवर्षी आरतीचं ताट लावून ठेवायची, वेळेवर धावपळ नको म्हणून. आणि नत्थूजी दरवर्षी त्यांच्या दारावरून पुढे जायचे. पाहुणे हायेत, पाहुण्याले कायचा गोटा, असं म्हणायचे, तेही हसून, प्रेमानं. मिसरूड फुटायच्या आधीपासून गुणवंता त्या दारात छाती काढून उभा राहायचा, आणि दरवर्षी ते भरलं ताट तसंच आत जायचं. एका वर्षी तर त्यानं ते लाथाडलं होतं. बापानं तेव्हा काही म्हटलं नाही, सांडलेलं कुंकू तेवढं पुसून घेतलं.

आदल्या दिवशी संध्याकाळी, बैलं तोरणाखालून गेल्यावर, नत्थूजींचा पुतण्या मनोहर त्याच्या गळ्यात हात टाकून म्हणाला होता, की काका यंदा गोट्यासाठी तुमचंही घर धरून राहिले. मनोहरच्या कपाळावर जुन्या टाक्यांची खूण होती आणि ती तो पोरींना दाखवत फिरायचा. गुणवंता हसला, वा म्हणाला, घरी आला आणि अंथरुणावर डोळे उघडे ठेवून पडून राहिला. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव तुटत होता, ते आलं होतं, आणि कधी आलं होतं, तर आत्ता! नाही म्हटलं तर आळी म्हणणार, शेवटी वरूडवालाच निघाला. हो म्हटलं तर डोळे. रात्रभर त्याला गोटमारीसाठी कोपऱ्यावर रचून ठेवलेल्या दगडांच्या राशी दिसत होत्या.

ढोल आळीत शिरला. देवकाबाईच्या हातातलं उलथनं खाली पडलं. कवडू ओट्यावर बसला होता तो उठून उभा राहिला, सवयीनं थोडा बाजूला सरकला, त्यांना जायला वाट करून द्यावी तसा.

नत्थूजी दारातच थांबले. मागं सगळी आळी.

"कवडू, इतकी वर्षं तुमाले पाहुणे समजत आलो. आमचीच चूक झाली," ते म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज भरून आला होता, आणि ते ढोंग नव्हतं. "पोट्टा रेल्वेत चालला. आळीचं नाव करून राहिला. आता पाहुणे कायचे? घरामागे एक."

कवडूचं तोंड उघडलं. चार दिवसांनी तपासणी आहे, एवढंच त्याला म्हणायचं होतं. पण या आळीत राहून त्यानं कोणाला कधी नाही म्हटलं नव्हतं. बाहेरून आलेल्या माणसानं मान खाली घालून जगावं, हे त्यानं स्वतःला इतकं शिकवलं होतं की आता मान वर होतच नव्हती. तो नुसताच हसला. तोपर्यंत नत्थूजींचा अंगठा गुणवंताच्या कपाळाला लागला होता. गोटा त्याच्या तळहातावर आला, नदीतला, ओला, गार. मनोहरनं आरोळी ठोकली, आळीनं टाळ्या वाजवल्या. गुणवंताच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं, आनंदाचं आणि भीतीचं एकदमच, आणि त्यानं चौकट धरली. आळीच्या टोकापर्यंत जाऊन येतो, मग सगळे मिळून निघू, असं सांगून नत्थूजी पुढच्या दारी गेले.

ढोल थोडा लांब गेल्यावर कवडू म्हणाला, डोक्याला काहीतरी बांधून जा, मागच्या खोलीत माझा जाड दुपट्टा आहे तो घे. गुणवंता गोटा हातात तसाच घेऊन आत गेला. दुपट्टा खुंटीला नव्हता. तो ट्रंकेमागं वाकून पाहत होता तेव्हा दार ओढल्याचा आणि बाहेरून कडी पडल्याचा आवाज आला.

"घरामागे एक म्हणते ना नत्थूजी," दाराच्या फटीतून बापाचा आवाज आला, अगदी हळू. "मंग मी जातो. तू बस."

गुणवंतानं दार बडवलं. बाबा, तुमाले हे जमत नाही, तुमी कधी दगड उचलला नाही, असं काय काय ओरडला. बाहेर ढोल परत आला होता, त्यात त्याचा आवाज कोणाला ऐकू जाणार! नत्थूजींना बाप काय बोलला ते त्याला कळलं नाही. लोक हसल्याचं ऐकू आलं, मग कोणीतरी कवडूच्या नावानं आरोळी दिली, मग ढोल नदीकडे गेला.

दाराच्या पलीकडे देवकाबाई पाठ टेकून बसली. गुणवंतानं तिला विनवलं, शिव्या घातल्या, दाराला खांदा लावला. ती आपली बसलेली. शेवटी एवढंच म्हणाली, "मी कडी नाही काढत, बापू. एक गेला, आता दुसऱ्याले नाही पाठवत." मग तो दमून खाली बसला, आणि मायलेक दाराच्या दोन बाजूंनी कान देऊन ऐकायला लागले.

नदी तिथून फार लांब नव्हती. आधी नुसता कालवा, जत्रेचा असतो तसा. मग तो एकदम बदलायचा. भागो, भागो असा गलका उठायचा, हजार पायांचा धडधडाट व्हायचा, पुन्हा कालवा. प्रत्येक वेळी देवकाबाई दारापलीकडे काहीतरी पुटपुटायची. गुणवंताला कालव्यात बाप दिसत होता. कवडू रस्त्यानं चालताना भिंतीच्या कडेनं चालणारा माणूस. बैल समोरून आला तरी दहा पावलं आधी थांबणारा. तो त्या नदीत काय करत असेल? पळता तरी येत असेल का त्याला? गोफणीतून सुटलेला गोटा दिसत नाही, नुसती शीळ ऐकू येते, असं मनोहर सांगायचा. हातातला गोटा गरम झाला.

आणि आता जे सांगायचं ते सांगायला नको वाटतं, पण सांगतो. त्या खोलीला एक खिडकी होती. गज नव्हते तिला. लाकडाच्या दोन फळ्या आणि मध्ये अडकवलेली काडी. काडी काढली की मागच्या बोळात उडी मारता येत होती, लहानपणी शंभरदा मारली होती. गुणवंताला ती दिसली तेव्हा दुपार कलली नव्हती. तो उठला, खिडकीपाशी गेला, काडीला हात लावला. बाहेर भागोचा गलका उठला. त्यानं हात काढून घेतला.

पुढच्या वेळी जाईन, असं तो स्वतःला म्हणाला. मग गलका थोडा कमी झाला की जाईन, असं म्हणाला. मग तो भिंतीला टेकून उभा राहिला, आणि समोरच्या भिंतीवर एका खतवाल्याचं कॅलेंडर होतं, त्याच्यावर त्याची नजर गेली. त्यानं डावा डोळा झाकला आणि तारखांखालची बारीक अक्षरं वाचली. मग उजवा झाकून वाचली. सगळी स्पष्ट दिसत होती. बाप नदीत होता आणि हा इथं आपले डोळे तपासत होता! हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो मटकन खाली बसला. त्यानंतर खिडकीकडे त्यानं पाहिलंच नाही.

ऊन उतरता उतरता आळीत पळापळ झाली. देवकाबाईची किंकाळी ऐकू आली आणि ती दारापासून उठून गेली, कडी तशीच. कडी काढली मनोहरनं. त्याच्या सदऱ्यावर रक्त होतं, त्याचं नव्हे.

"कवडूकाका झाडाजवळ गेले होते गा," तो म्हणाला. त्याच्या आवाजात नुसता अभिमान होता.

कवडूला ओट्यावर निजवलं होतं. डोक्याखाली नत्थूजींची मांडी, डाव्या डोळ्यावर कोणाचा तरी पटका दाबून धरलेला, तो भिजून काळा पडलेला. नत्थूजी गावदेवी चंडीमायचा अंगारा लावत होते आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. कवडूनं उजवा डोळा उघडला, गुणवंताकडे पाहिलं, त्याचा चेहरा नजरेनंच एकदा नीट चाचपून पाहिला आणि डोळा मिटून घेतला. त्याच्या ओठांवर हसू आलं. गुणवंताच्या मुठीत अजून तो गोटा होता. तो त्यानं आपल्या मागं लपवला.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं कवडूला नागपूरला नेलं. सोबत आळीतली इतकी माणसं की डब्यात बसायला जागा नव्हती. देवकाबाईच्या घरची चूल त्या दिवसांत कोणी पेटू दिली नाही, शेजारणी आळीपाळीनं येऊन बसायच्या, शिदोऱ्या नागपूरला जायच्या. मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली, पण डोळा राहिला नाही. भरती करताना तिथल्या माणसानं गाव विचारलं, तर कवडू बोलायच्या आधी नत्थूजीच म्हणाले, "पांढुर्ण्याचे हायेत. आमच्याच आळीचे." हे ऐकायला गुणवंता इतकी वर्षं थांबला होता. आता ते कानावर पडलं तेव्हा त्याला तिथून पळून जावंसं वाटलं.

तपासणीला तो जाणारच नव्हता. देवकाबाईही शिदोरी घेऊन नागपूरला आली होती, तिनं त्याला दंडाला धरून वॉर्डाबाहेर काढलं. मग कायले गेला तुया बाप, एवढंच ती म्हणाली. तो गेला. रेल्वेच्या डॉक्टरांनी त्याला उभं केलं, समोर अक्षरांचा तक्ता, आणि सांगितलं, डावा डोळा हातानं झाका आणि वाचा.

त्यानं झाकला. डावीकडची खिडकी गेली, बाक गेला, तिथं बसलेली पोरं गेली. आता बापाला एवढंच दिसणार होतं. चाकू धरलेला हात दिसेल, पण तो किती लांब आहे हे कळणार नाही, चीर भलतीकडेच जाईल. गुणवंता वाचायला लागला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, अगदी तळाची बारीक ओळसुद्धा, एकही अक्षर चुकलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता हात काढा. हात निघेचना. डॉक्टरांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं. मग त्यांनी उजवा झाकून वाचायला लावलं, रंगीत ठिपके दाखवले. नजर उत्तम आहे तुमची, असं ते म्हणाले आणि त्यांनी पुढच्याला बोलावलं.

तिथून तो थेट बापाच्या वॉर्डात आला. नत्थूजी चहाला खाली गेले होते. देवकाबाई पायथ्याशी बसून मोसंबी सोलत होती. कवडू उताणा, अर्ध्या तोंडावर पट्टी. गुणवंता पलंगाच्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. बापाला हात लावावा इतका जवळ.

"पोट्टा आला नाही का वो अजून?" कवडूनं बायकोला विचारलं.

देवकाबाईनं मान वर केली, गुणवंताकडे पाहिलं. मग तो पलंगाला वळसा घालून उजव्या बाजूला गेला आणि म्हणाला, आलो बाबा, पास झालो. कवडूचं अख्खं शरीर सैल पडलं. त्यानं पोराचा हात धरला आणि किती तरी वेळ नुसता थोपटत राहिला.

"एक सांगू तुले?" मग तो म्हणाला. "मी कडी लावली, पण त्या खिडकीचं माया ध्यानातच नव्हतं. नदीत उतरलो अन् याद आली. असं भेव भरलं बाप्पा! म्हटलं, हा काही बसाचा नाही, हा उडी मारून येईन मले सोडवाले. मंग मी समोर कायले पाहतो? सारा वेळ मागंच पाहून राहिलो, आळीकडं. तू दिसला तं तिथूनच वापस हाकलीन म्हणून. तेवढ्यात शीळ वाजली, तोंड फिरवलं अन् लागला."

देवकाबाईच्या हातातली मोसंबी थांबली. गुणवंता बापाकडे पाहत होता, दोन्ही डोळ्यांनी. त्या खिडकीच्या काडीचा खरबरीतपणा त्याला अजून बोटांना लागत होता.

"पण तू आला नाही," कवडू म्हणाला. "लय बरं केलं, बेटा."

नत्थूजी चहा घेऊन वर आले. त्यांनी विचारलं, काय झालं तपासणीचं? कवडूनंच सांगितलं, पास झाला म्हणून. नत्थूजींनी तिथंच, वॉर्डात, गुणवंताची पाठ थोपटली आणि म्हणाले, आता दर पोळ्याले रजा काढून येत जाय, तुमचं घर आता कधी सोडणार नाही. गुणवंतानं मान हलवली. चहाचा कप त्यानं घेतला, आणि पलंगाला वळसा घालून तो पुन्हा डाव्या बाजूला जाऊन उभा राहिला, बापाला दिसणार नाही तिथं.